साखरेचें बक्षीस

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जर्मनींतील मॅग्डेबर्ग शहर म्हणजे बिटाच्या साखरेचें माहेरघर होतें. शहराभोंवतीं कोसच्या कोस बिटांचीं शेतें पसरलेलीं, आणि पानगळीचे दिवस आले कीं कारखान्यांचीं धुराडीं रात्रंदिवस धूर ओकीत. परंतु त्याच शहरांतील मजुराची बायको कॉफींत साखर टाकतांना हात आंखडता घेई, आणि समुद्रापलीकडे लंडनमधील मजुराची बायको तीच जर्मन साखर चहांत सढळ हातानें घाली. जेथें साखर तयार होई तेथें ती महाग, आणि जेथें ती आगगाडीनें व जहाजानें जाऊन पोंचे तेथें ती स्वस्त, असा हा प्रकार होता. वाहतुकीचा खर्च मालाच्या किंमतींत मिळवावयाचा असतो, हें व्यवहाराचें साधें गणित. येथें तो वजा केल्यासारखा दिसत होता. हें उलटें गणित कोणा व्यापाऱ्यानें मांडलेलें नव्हतें. तें सरकारांनीं मांडलेलें होतें. आपल्या देशाचा माल परदेशीं जावा म्हणून सरकारनें निर्गत मालावर बक्षीस द्यावयाचें, ही युक्ति जुनीच आहे; इंग्लंडनें १६८९ सालीं धान्याच्या निर्गतीसाठीं ती योजिली होती. तथापि साखरेच्या बाबतींत युरोपांतील इतक्या राष्ट्रांनीं इतक्या ईर्ष्येनें ती चालविली कीं, तिचे बरेवाईट परिणाम पाहावयाचे असतील तर याहून चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल.

बिटाची साखर ही मुळांत प्रयोगशाळेंतील वस्तु. १७४७ सालीं बर्लिनचा रसायनशास्त्रज्ञ मार्ग्राफ यानें बिटाच्या कंदांतील साखर उंसाच्या साखरेहून निराळी नाहीं असें दाखविलें. त्याचा शिष्य आखार्ड यानें पुढें अर्ध्या शतकानें, प्रशियाच्या राजाच्या मदतीनें, सायलेशियांत कुनेर्न येथें पहिला कारखाना काढला. एवढ्यानें उंसाची साखर हटण्यासारखी नव्हती. बिटाला संधि मिळाली ती युद्धामुळें. १८०६ पासून नेपोलियननें युरोपचीं बंदरें इंग्रजी व्यापाराला बंद केलीं आणि वेस्ट इंडीजची साखर दुर्मिळ झाली. १८११ सालीं त्यानें ३२,००० हेक्टर जमिनींत बीट लावण्याचा हुकूम सोडला. नेपोलियन गेला, बंदरें उघडलीं आणि बहुतेक कारखाने बुडाले. फ्रान्समध्यें थोडे तगले, आणि जर्मनींत १८३० नंतर त्या धंद्यानें पुन्हां मूळ धरलें.

बक्षिसाची पद्धति मात्र कोणा मंत्र्यानें विचारपूर्वक काढली असें नाहीं. ती हिशेबाच्या एका फटींतून शिरली, आणि या इतिहासांतील खरी मौज तेथेंच आहे. जर्मन संस्थानांनीं साखरेवर कर बसविला, पण तो तयार साखरेवर न घेतां कारखान्याच्या दारांत तोलल्या जाणाऱ्या बिटांवर घेतला. बिटें मोजणें सोपें, आणि कारखान्यांत शिरून साखर मोजणें अवघड, एवढेंच त्याचें कारण. आतां साखर परदेशीं गेली तर तिच्यावर स्वदेशाचा कर असूं नये, हें तत्त्व न्यायाचेंच; म्हणून निर्गतीच्या वेळीं कराचा परतावा देणें प्राप्त झालें. परंतु त्या साखरेला किती बिटें लागलीं हें बंदरावरील अधिकाऱ्यानें ओळखावें कसें? त्यासाठीं कायद्यानेंच एक प्रमाण ठरवून टाकलें.

समजा, सरकारनें असें धरलें कीं बारा मण बिटांतून एक मण साखर निघते, आणि मणभर बिटांवर एक आणा कर घेतला. म्हणजे मणभर साखरेवर बारा आणे कर झाला, आणि निर्गतीच्या वेळीं तितकाच परत द्यावयाचा. कारखानदारानें चांगलें बीं वापरून आणि यंत्रें सुधारून नऊच मण बिटांतून मणभर साखर काढली, तर त्यानें कर भरला नऊ आणे आणि बंदरावर त्याच्या हातीं पडले बारा आणे. मधले तीन आणे हें बक्षीस. त्याला सरकारी अंदाजपत्रकांत नांव नव्हतें, त्याच्यावर कोणत्याहि विधिमंडळांत मत घेतलेलें नव्हतें, आणि कारखानदार जितका हुशार तितकें तें वाढत जाणारें होतें.

या पद्धतीचा गुणहि सांगितला पाहिजे, कारण तो लहान नव्हता. कर बिटाच्या वजनावर असल्यामुळें थोड्या बिटांतून अधिक साखर काढण्याची विलक्षण चढाओढ लागली. फ्रान्समध्यें व्हिल्मोरँ यानें गोडींत सरस असे कंद निवडून त्यांचें बीं वाढविण्याची रीत घालून दिली होती. जर्मन शेतकऱ्यांनीं ती उचलली. शतकाच्या आरंभीं बिटांत शेंकडा पांचसहा असलेला साखरेचा अंश शतकाच्या अखेरीस पंधराच्या आसपास पोंचला. शेतीच्या इतिहासांत हा पराक्रमच समजला पाहिजे. फक्त त्याचा आर्थिक लाभ शेतीच्या कसावर न राहतां तिजोरीच्या गळतीवर पोसला जाऊं लागला. ऑस्ट्रियांत तर १८७० नंतरच्या दशकांत एका वर्षीं साखरेच्या कराचें जेवढें उत्पन्न आलें त्याहून अधिक रक्कम परताव्यांत गेली. कर बसवून सरकारनें उलट पदरचे पैसे भरावेत, हा चमत्कार पाहूनहि शेजारी शहाणे झाले नाहींत. १८८४ सालीं फ्रान्सनें जर्मन पद्धतीच्याच धर्तीवर आपला कायदा बदलला, आणि त्या कायद्याखालीं फ्रेंच साखरेचा धंदा झपाट्यानें फुगला.

पुढें पुढें हें छुपें बक्षीस सरकारांनाच झेपेनासें झालें. १८८८ मध्यें ऑस्ट्रियानें आणि १८९१ च्या कायद्यानें जर्मनीनें तें रद्द करून त्याच्या जागीं उघड बक्षीस ठेविलें. तें क्रमाक्रमानें कमी करीत बंद करावयाचें असा जर्मनीचा बेत होता. परंतु फ्रान्सनें सोडल्यावांचून जर्मनीनें सोडावयाचें नाहीं, आणि जर्मनीनें सोडल्यावांचून ऑस्ट्रियानें सोडावयाचें नाहीं, अशी ही कोंडी होती. अखेर १८९६ सालीं जर्मनीनें बक्षीस कमी करण्याऐवजीं दुप्पट केलें. कच्च्या साखरेच्या दर १०० किलोंमागें अडीच मार्क बक्षीस ठरलें, आणि इतरांना बक्षिसें सोडावयास लावण्यासाठींच हें शस्त्र उपसलें आहे असें त्याचें समर्थन करण्यांत आलें. उत्तर म्हणून १८९७ मध्यें फ्रान्सनें आपलीं नवीं बक्षिसें जाहीर केलीं.

या बक्षिसांचा पैसा कोठून आला? १८९६ च्याच कायद्यानें जर्मनींत खपणाऱ्या साखरेवरील कर दर १०० किलोंस २० मार्कांवर नेला. म्हणजे जी साखर देशांत खपे तिच्यावर कर, आणि जी देशाबाहेर जाई तिला बक्षीस. एवढ्यावरच हें थांबलें नाहीं. परदेशी साखर आंत येऊं नये इतकी जबर जकात आधींपासूनच होती. तिच्या आडोशास राहून कारखानदारांनीं कार्टेल म्हणजे आपसांत भाव बांधून घेणारा संघ उभारला. ऑस्ट्रियांत तो आधीं झाला, जर्मनींत १९०० सालीं. त्यानें देशांतील भाव चढवावा आणि त्या नफ्याच्या जोरावर परदेशीं आणखी स्वस्त विकावें. अ‍ॅडॅम स्मिथनें १७७६ सालीं इंग्लंडांतील धान्याच्या बक्षिसासंबंधीं लिहितांना असें दाखविलें होतें कीं, अशा बक्षिसानें प्रजेवर एक नव्हे, दोन कर बसतात: एक बक्षिसाची रक्कम उभी करण्यासाठीं, आणि दुसरा, घरींच माल महाग झाल्यामुळें. मॅग्डेबर्गची गृहिणी हे दोन्ही कर भरीत होती, आणि कार्टेलचा तिसरा. शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्यें माणशीं वर्षाला ८० पौंडांहून अधिक साखर खपे. साखर पिकविणाऱ्या जर्मनींत त्याच्या निम्मीहि खपत नसे.

मग कारखानदार तरी गबर झाले काय? आरंभीं झाले. परंतु सर्वच राष्ट्रें बक्षीस देऊं लागल्यावर त्या रकमेइतका जगाचा भाव खालीं गेला, आणि बक्षीस धरून कारखानदाराच्या हातीं पूर्वीइतकेंच पडूं लागलें. बिटाच्या जमिनीचे खंड मात्र चढून बसले होते. आतां बक्षीस बंद केलें तर धंदा बुडेल, अशी ओरड करण्यापुरताच त्याचा उपयोग उरला. लंडनच्या बाजारांत १८८० नंतरच्या एकदोन वर्षांत कच्च्या साखरेचा भाव हंड्रेडवेटला सुमारे २० शिलिंग होता. १९०२ च्या उन्हाळ्यांत बिटाची साखर सुमारे ६ शिलिंगांवर आली. एवढ्या भावांत बिटाचा उत्पादनखर्चहि निघत नव्हता.

इंग्लंडनें १८७४ सालीं साखरेवरील जकात अजीबात उठविली होती. त्यामुळें जर्मन आणि फ्रेंच करदात्यांची ही देणगी इंग्रज घरांत थेट येऊन पडे. मुरंबे, बिस्किटें, मिठाया यांचे कारखाने तेथें भराभर निघाले. उलट साखर शुद्ध करण्याचा लंडनचा जुना धंदा मोडकळीस आला. खुल्या व्यापाराचे अभिमानी म्हणत, परका आपण होऊन आपल्याला स्वस्त साखर देत असतां ती नाकारण्यांत शहाणपण कोणतें? या युक्तिवादांत चूक काढणें सोपें नाहीं. फक्त ज्यांचा त्यांत उल्लेख नव्हता, अशीं माणसें दूर, उंसाच्या बेटांवर राहत होतीं.

वेस्ट इंडीजमधील मळ्यांवर गुलामगिरी उठल्यानंतर हिंदुस्थानांतून करारानें नेलेले मजूर राबत. त्रिनिदादमध्यें मजुरी दिवसावर नसून नेमून दिलेल्या कामावर असे. १८८४ सालीं साखरेचा भाव एकाएकीं कोसळला, तेव्हां मळेवाल्यांनीं मजुरीचा आंकडा तोच ठेविला आणि नेमून दिलेलें काम वाढविलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, मोहरमचे ताबूत शहरांत नेण्यास मनाई असतां, मजुरांच्या मिरवणुका सान फर्नांडो शहराकडे निघाल्या. त्यांत हिंदूहि होते. त्यांच्यावर गोळीबार झाला आणि कित्येक मजूर मेले. चौकशीसाठीं जमेकाचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन आले. तात्कालिक कारण मनाईहुकमाचें होतें. परंतु साखर फार स्वस्त झाल्यामुळें खर्च कमी करण्यासाठीं मळेवाल्यांनीं मजुरांचें काम वाढविलें असावें, हेंहि त्यांनीं आपल्या अहवालांत नमूद केलें. जर्मन तिजोरींतून निघालेला मार्क असा फिरत फिरत बिहारच्या आणि अयोध्या प्रांताच्या शेतकऱ्याच्या पाठीवर येऊन पडला. त्याला बक्षीस म्हणजे काय हें ठाऊकहि नव्हतें.

हेच नॉर्मन १८९६-९७ मध्यें वेस्ट इंडीजच्या दुःस्थितीची चौकशी करणाऱ्या शाही कमिशनचे अध्यक्ष झाले. त्यांचे दोन सहकारी म्हणजे सर एडवर्ड ग्रे आणि हिंदुस्थानचे माजी अर्थमंत्री सर डेव्हिड बार्बर. बक्षिसानें साखरेचा धंदा नासत आहे यावर तिघांचें एकमत होतें. तरी बक्षिसाच्या साखरेवर इंग्लंडनें जकात बसवावी असें म्हणणारे नॉर्मन एकटेच निघाले. दोघा सहकाऱ्यांना खुल्या व्यापाराचें तत्त्व सोडवेना. मजुरांना लहान लहान जमिनी द्याव्या आणि दुसरीं पिकें काढावींत, अशा शिफारसी मात्र एकमतानें झाल्या.

मॉरिशसमध्यें यांपैकीं पहिली गोष्ट शिफारशीची वाट न पाहतां घडत होती. या बेटावर १८३४ पासून हिंदी मजूर जात होते, आणि त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले रत्नागिरीकडचे मराठी मजूरहि होते. त्यांचे वंशज आजहि तेथें गणेशचतुर्थी साजरी करतात. साखरेचा भाव उतरल्यामुळें कर्जांत बुडालेल्या मळेवाल्यांनीं १८८० नंतर आपल्या मळ्यांच्या कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकावयास काढल्या, आणि पैपैसा सांठविलेल्या हिंदी मजुरांनीं त्या घेतल्या. मजुराचा मुलगा उंसाचा लहानसा बागाईतदार झाला तो अशा रीतीनें. बक्षीस देणाऱ्यांच्या मनांत हा परिणाम असण्याचा प्रश्नच नव्हता.

मॉरिशसच्या साखरेचें मोठें गिऱ्हाईक हिंदुस्थान होतें, आणि येथेंच हें प्रकरण आपल्या किनाऱ्याला लागतें. १८९७ सालीं अमेरिकेनें परदेशाच्या बक्षिसाइतकी भरपाईची जकात बसविणारा कायदा केला. तो बाजार अडतांच जर्मन व ऑस्ट्रियन साखर कराची, मुंबई आणि कलकत्ता या बंदरांकडे अधिक वळली. लॉर्ड कर्झन नुकतेच व्हाइसरॉय होऊन आले होते. मार्च १८९९ मध्यें कायदे कौन्सिलनें असा कायदा मंजूर केला कीं, जो देश निर्गतीवर बक्षीस देईल त्याच्या साखरेवर येथें तेवढीच ज्यादा जकात घ्यावी. कार्टेलमुळें मिळणारा छुपा लाभ त्यांतून सुटतो असें दिसल्यावर १९०२ मध्यें आणखी एक कायदा झाला. माजी भारतमंत्री सर हेन्री फाउलर यांनीं पार्लमेंटांत १८९९ च्या कायद्याविरुद्ध ठराव आणला, तो फेटाळला गेला.

कायद्याचें कारण म्हणून हिंदी शेतकऱ्याचें नांव पुढें करण्यांत आलें, आणि संयुक्त प्रांतांतील खांडसरी कारखान्यांना परदेशी साखरेचा धक्का बसत होता हें खोटें नव्हतें. परंतु येथील रयत बहुतांशीं गूळ खाणारी, आणि उंसाचा मोठा भाग गुऱ्हाळांतच जाणारा. बिटाच्या साखरेचा ओघ कायद्यानें कांहीं काळ अडला, तेव्हां तिची जागा हिंदी साखरेपेक्षां मॉरिशसच्या आणि जावाच्या साखरेनेंच अधिक घेतली. मॉरिशसचे मळेवाले आणि वसाहतमंत्री चेंबरलेन यांचें समाधान झालें. यांत एक विसंगति तेव्हांच अनेकांच्या नजरेस आली होती. याच सरकारनें तीन वर्षांपूर्वीं, १८९६ सालीं, लँकेशायरच्या कापडाशीं बरोबरी व्हावी म्हणून हिंदी गिरण्यांच्या कापडावर शेंकडा साडेतीन टक्के कर बसविला होता. खुल्या व्यापाराचें तत्त्व कापडाच्या वेळीं अढळ होतें आणि साखरेच्या वेळीं तें वांकलें.

तरी अमेरिकेची आणि हिंदुस्थानची जकात यांनीं बक्षिसाचें एकेक दार मिटत गेलें, आणि इंग्लंडहि उद्यां तेंच करील अशी धास्ती उत्पन्न झाली. बक्षीस बंद करण्याचे प्रयत्न यापूर्वीं १८६४ मध्यें पॅरिसला व १८८८ मध्यें लंडनला होऊन फसले होते. या खेपेस तिजोऱ्याच थकल्या होत्या. ५ मार्च १९०२ रोजीं ब्रसेल्स येथें ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रिया-हंगेरी वगैरे राष्ट्रांनीं करारावर सह्या केल्या. उघड वा छुपें कोणतेंहि बक्षीस द्यावयाचें नाहीं. परदेशी साखरेवरील जकात देशांतील करापेक्षां शुद्ध साखरेस १०० किलोंमागें सहा फ्रँकांहून अधिक ठेवावयाची नाहीं, म्हणजे कार्टेलचा आडोसाच मोडावा. आणि जो बक्षीस देईल त्याच्या साखरेवर सर्वांनीं जकात घ्यावी किंवा ती बंद करावी, अशीं त्यांतील कलमें होतीं. देखरेखीसाठीं ब्रसेल्सला एक कायम मंडळ नेमलें. १ सप्टेंबर १९०३ पासून करार अंमलांत आला.

त्या दिवसापासून मॅग्डेबर्गच्या गृहिणीचें नशीब पालटलें. बक्षिसाचा भार उतरल्यामुळें जर्मनीनें साखरेवरील कर २० मार्कांवरून १४ वर आणला. फ्रान्सनें तो पूर्वीच्या निम्म्याहून खालीं, २५ फ्रँकांवर नेला. दोन्ही देशांत घरगुती भाव उतरला आणि खप पहिल्याच वर्षीं झपाट्यानें वाढला. धंदा बुडेल अशी जी भीति घातली होती ती खरी ठरली नाहीं. परदेशीं फेंकावी लागणारी पुष्कळशी साखर घरींच खपूं लागली. इंग्लंडमधील मिठाईवाले अर्थात् संतापले. १९०४ मध्यें युरोपांत अवर्षण पडून साखर महागली, तेव्हां तो दोषहि त्यांनीं कराराच्याच माथीं मारला. त्यांच्या ओरडीला पुढें यश आलें आणि १९१३ सालीं ब्रिटन करारांतून बाहेर पडलें. दुसऱ्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, आणि करारहि उरला नाहीं.

हिंदुस्थानाच्या बाजारांत त्यानंतर जावाची साखर आली, ती बक्षिसावांचून. डच मळेवाल्यांनीं १८८४ च्या मंदीनंतर उंसाच्या संशोधनासाठीं प्रयोगशाळा काढल्या होत्या. त्यांच्या जोरावर ती साखर इतकी स्वस्त पडे कीं तिच्यापुढें १८९९ च्या कायद्यासारखी जकात निरुपयोगी होती. १९३२ सालीं संरक्षक जकातीचा कायदा झाला, तेव्हां कोठें येथील कारखाने ३२ वरून तीनचार वर्षांत १३० पर्यंत गेले.

आणि मग काळाच्या ओघांत भूमिका बदलली. पूर्वीं दुसऱ्यांचें बक्षीस अडविणारा हा देश स्वतः साखरेचा प्रचंड उत्पादक झाला. कारखान्यांच्या गोदामांत पोतीं सांचलीं, महाराष्ट्रांतील आणि उत्तर प्रदेशांतील ऊंसवाल्यांचीं देणीं थकलीं, आणि सरकारनें निर्गतीला साहाय्य दिलें. २०१९-२० च्या हंगामांत तें ६० लाख टनांपर्यंतच्या निर्गतीसाठीं टनामागें १०,४४८ रुपये होतें. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनीं जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्यें निकाल भारताविरुद्ध गेला, आणि भारतानें त्यावर ज्या मंडळाकडे अपील केलें त्यावर त्या वेळीं एकहि सभासद उरलेला नव्हता. दरम्यान जगाचा भाव चढला होता. २०२१-२२ च्या हंगामांत साहाय्यावांचूनच सुमारे ११० लाख टन साखर देशाबाहेर गेली, आणि तो हंगाम संपण्यापूर्वीं, १ जून २०२२ पासून, सरकारनें निर्गतीला मर्यादा घातली. कारण सांगण्यांत आलें तें देशांतील सांठ्याचें आणि घरगुती भावाचें.